13 वर्षांचा मुलगा लपून आगी लावतो आहे, मदत हवी आहे

नमस्कार.

आम्ही सातारा जिल्ह्यात डोंगराच्या पायथ्याशी राहतो. मुलगा आठवीत आहे. मार्चमध्ये गावामागच्या डोंगराला वणवा लागला, तेव्हा गवतासाठी कोणीतरी पेटवले असेल असेच सर्वांनी धरले. जुने गवत जाळले की पावसाळ्यात नवे जोमाने येते, हा समज आमच्याकडे अजून पक्का आहे; त्यात कोवळी रोपे आणि जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी जळतात, उघडी पडलेली माती वळवात वाहून जाते, हे कोणी पाहत नाही.

गेल्या आठवड्यात मुलाच्या कंपासपेटीत काडेपेटीची फाडलेली घासपट्टी, कागदात गुंडाळलेल्या काड्या आणि चार-पाच जळकी टोके सापडली. त्याच्या उजव्या भुवईचे केस होरपळून तांबूस झाले आहेत, हेही मला तेव्हाच दिसले. शेवटी त्याने कबूल केले की तो वणवा आणि नंतर गोठ्यामागे पेटलेली कडब्याची गंजी, दोन्ही त्याचेच काम होते. "बघत बसलं की बरं वाटतं," एवढेच तो म्हणाला.

सासरे म्हणतात, हाताला एक चटका द्या म्हणजे खोड मोडेल. मला ते मुळीच मान्य नाही. कुतूहलाने एखादी काडी ओढणे वेगळे आणि एकट्याने, लपून, पुन्हा पुन्हा पेटवणे वेगळे. वडील कामासाठी मुंबईला गेल्यापासून तो अबोल झाला आहे आणि मुळाशी तेच दुःख असावे, असे मला वाटते. काड्या, लायटर, रॉकेल मी कुलपात ठेवले आहे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर बोलणार आहे, परंतु समुपदेशकाकडे जावे की थेट बालमानसोपचारतज्ज्ञांकडे, हे अनुभवी पालकांनी कृपया सांगावे.

राखीव वनात आग लावणे हा 1927 च्या भारतीय वन अधिनियमानुसार गुन्हा आहे, आणि 18 वर्षांखालील मुलाचे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते, एवढे मी वाचले आहे. वनरक्षकांना खरे सांगावे असे मन म्हणते, पण गावात त्याच्यावर कायमचा शिक्का बसेल याची धास्ती वाटते. हिवाळ्यात जाळरेषा (वणवा पसरू नये म्हणून गवत काढून केलेले मोकळे पट्टे) काढण्याच्या कामाला त्याला नेऊन भरपाई करू द्यावी, असाही विचार आहे. मात्र तेथे गवत मुद्दाम जाळले जाते. अशा मुलाला त्या कामाजवळ नेणे योग्य ठरेल का?