कादंबरी लिहून झालीय, प्रकाशकाकडे कशी पाठवू?

निपाणीकर : माझी आई निपाणीत तंबाखूच्या वखारीत राबली. तिच्यावरची कादंबरी पाच वर्षांत लिहून झाली, ६२ हजार शब्द. पुण्याच्या एका प्रकाशकाने आठ महिने ठेवून घेतली आणि म्हणाला, संवाद प्रमाण मराठीत करा. आई भाकरी थापताना अर्धं कानडीच बोलायची. ते काढलं तर ती माझी आई राहत नाही. एजंट गाठू का?

उचगावची ताई : दादा, संवाद बदलू नकोस. मराठीत एजंट क्वचितच भेटतो, थेट प्रकाशकालाच लिहावं लागतं. आधी ग्रामीण कादंबऱ्या कोण काढतो ते बघ. बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयात जाऊन पुस्तकांची आतली पानं चाळ, नावं-पत्ते तिथंच मिळतील. मग एक पानाचा गोषवारा आणि पहिली तीन प्रकरणं युनिकोडमध्ये पाठव. वखारीत तंबाखूचा खाट, म्हणजे नाकात झोंबणारी धूळ, उडतो, बायका पदर नाकाला लावतात, तिथूनच सुरुवात कर. आमच्या उचगावला किंवा कडोलीला साहित्य संमेलन असतं, तिथं एक प्रकरण वाचून दाखव की.

खानापूरकर : छापायला पैसे मागितले तर आधी प्रती किती, विकणार कोण, हे लेखी घ्या. करारात मुदत घालायला लावा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात, हक्क देताना मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरतात.

निपाणीकर : ताई, पहिलं प्रकरण आईच्या लग्नाचं होतं. आज रात्री वखारीचं पुढं घेतो.