एल-ई-जी ठोकलेलं ब्राँझचं वजन: रोमन सैन्याचं असेल का?

रेवदंडेकर: चौलच्या एका घरातल्या जुन्या तांब्यापितळेत हे निघालं. भरीव, पेढ्यासारखं वर-खाली चपटं, 159.4 ग्रॅम. माथ्यावर एस. कडेला टिंबाटिंबांनी एल-ई-जी, दोन उभ्या रेघा, ए-व्ही-जी. एका खळग्यात फिकट हिरवी पूड आहे. चिंचेनं घासू का?

काटा-तागडी: चिंच, लिंबू, राख काहीच नको, जुना थर गेला की पुरावाही गेला. एस म्हणजे सेमिस, अर्धा रोमन पौंड. पौंड 322 ते 327 ग्रॅम धरतात, म्हणजे अर्धा 161 ते 164. झीज धरली तर तुमचं वजन बसतं. आपल्या मापांत मात्र नाही: नवटाक 116.6, पावशेर 233.3.

आता घनता. सराफी काट्यावर डिस्टिल्ड वॉटरचा ग्लास ठेवून काटा शून्यावर आणा. वजन नायलॉनच्या दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला वा काचेला टेकू देऊ नका. काटा दाखवेल तितके मिलिलिटर आकारमान. 159.4 ला त्याने भागा. 8.7 च्या आसपास आलं तर ब्राँझ, 8.4-8.5 ला पितळेचा संशय, 9 च्या बराच वर गेलं तर आत शिसं. बुडबुडे चिकटले की घनतेचा आकडा खाली येतो.

शिलालेख-वेडा: वाचन सरळ आहे: लेगिओ सेकुंदा औगुस्ता, म्हणजे रोमन सैन्याची दुसरी औगुस्ता पलटण, वेल्समधल्या कार्लिअनची. सैनिकी सामानावर टिंबांनी नाव ठोकायची रीत होतीच. पण लिहिलंय म्हणून खरं मानू नका. उत्तर इंग्लंडमधल्या रोमन हेड्रियनच्या भिंतीजवळ कार्व्होरनला सापडलेल्या ब्राँझच्या धान्यमापावर साडेसतरा सेक्स्टारी (रोमन माप) कोरलंय, मावतात वीसहून जास्त! दहापट भिंगातून टिंबांच्या तळाशी बघा. बाहेरचाच थर आतही हवा. आत धातू चकाकत असेल किंवा कडेला थर तडकला असेल तर अक्षरं नवी. वजन जुनं असलं तरीही. चौल म्हणजे पेरिप्लस या प्राचीन ग्रीक सागरी व्यापाराच्या ग्रंथातलं सेमिल्ला, पण इथे व्यापारी यायचे, पलटणी नाही. म्हणून मला तरी ही अक्षरंच खटकतात.

खारा वारा: पाण्याची चाचणी थांबवा. ती पूड म्हणजे बहुधा ब्राँझचा रोग: आतलं क्लोराइड दमट हवेत धातू खात राहतं, आणि कोकणच्या हवेत तर विचारूच नका. मऊ ब्रशने पूड झाडून फोटो काढा. हवाबंद डब्यात भरपूर सिलिका जेलवर ठेवा, आत छोटा आर्द्रतामापक, आकडा 40 टक्क्यांच्या खाली. पावसाळ्यात जेल वरचेवर तापवून वाळवावं लागतं. तेल किंवा मेण आत्ता लावू नका, क्लोराइड खाली कोंडतं. पूड परत आली तर बेंझोट्रायझोल या गंज रोखणाऱ्या रसायनाचं काम संवर्धकाकडेच द्या. ते रसायन घरात हाताळायचं नाही.

आणि हे जमिनीतून निघालेलं असेल तर 1878 च्या निखात निधी कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं भाग आहे.