लहान जातीच्या पिल्लाला मोजून द्यायचं की पोटभर?

वणीकर
घरी स्पिट्झ जातीच्या कुत्र्याचं पिल्लू आहे, तीन महिन्यांचं, वजन दोन किलो. त्याच्या खाण्यावरून घरात रोज वाद होतो. आईचं म्हणणं, वाटी रिकामी झाली की परत भरायची. माझं मत वेगळं आहे. लहान जातीच्या वाढत्या पिल्लाला मोजूनच द्यावं, आणि ते माप त्याच्या आजच्या वजनावरून काढावं.

हिशोब मोबाईलवर होतो. वजनाला वजनाने दोनदा गुणायचं : २ × २ × २ = ८. त्याचं वर्गमूळ दोनदा काढायचं, १.६८ येतात. त्याला ७० ने गुणलं की ११८ कॅलरी. नुसतं पडून राहायला एवढ्या लागतात. चार महिन्यांपर्यंत याच्या तिप्पट द्यायचं, पुढे वाढ पूर्ण होईपर्यंत दुप्पट. म्हणजे आमच्या पिल्लाला आज साधारण ३५० कॅलरी. पिल्लांच्या पाकिटातल्या कोरड्या फूडमध्ये शंभर ग्रॅमला ३५० ते ४०० कॅलरी असतात, त्या हिशोबाने ९० ते १०० ग्रॅम. हे अख्ख्या दिवसाचं आहे. पाकिटावरचा आकडाही दिवसाचाच असतो, पण बरेच जण तो एका वेळचा समजतात.

आणखी एक. हेच पिल्लू पाच महिन्यांचं आणि तीन किलोचं झालं की हिशोब ३२० च्या आसपास येतो. वजन दीडपट, पण गरज वाढत नाही, उलट थोडी उतरते. अंदाजाने देणारा माणूस नेमका तेव्हाच वाटी मोठी करतो.

आबा_मूर्तिजापूर
राजे हो, आमच्या वाड्यात जलमभर कुत्रे होते. ज्वारीची भाकर ताकात कुस्करून देल्ली, सांजच्याले उरलंसुरलं देल्लं. कोनी तराजू घेऊन बसलं नाई. जनावराले आपल्या पोटाचं बराबर समजते. पिल्लू वाढून राहिलं आहे, त्याले भूक लागनारच. तुमचा आकडा चुकला त त्याची वाढ खुटन, मंग ते भरून निघत नाई. जास्त झालं त ते सोडून देते. म्हून मी म्हन्तो, पोटभर द्या.

काकू_हिंगणघाट
आबा, तुमच्या वाड्यातलं कुत्रं मोकळं होतं. भाकर तुमची होती, पण उंदीर, म्हशीचा जार, मेलेली कोंबडी, उकिरड्यावरचं काहीबाही हे सगळं ते स्वतः शोधून खात होतं. त्याचं अंग त्यावर भरायचं. ओसरीत बांधलेल्या या पिल्लाच्या पोटात आपण टाकू तेवढंच जाणार. वाढीच्या वयात, अन्नातलं पाणी सोडून उरलेल्या वजनाच्या निदान २२ टक्के प्रथिनं लागतात, ज्वारीत दहाच्या आसपास असतात. त्यात ताक-पाण्याने इवलंसं पोट लगेच भरतं, म्हणून ते सोडून देतं. पोट भरलं, पण पोषण झालं नाही.

पण वणीकर, तुमचंही सगळं पटत नाही. पाकिटाशिवाय पिल्लू वाढत नाही असं धरून तुम्ही चालला आहात. मी घरचंच देते. उकडलेलं चिकन किंवा अंडं, मऊ भात, थोडा भोपळा. मीठ-तिखट नाही, आणि कांदा-लसूण तर अजिबातच नाही, त्याने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. आपल्या रश्शातलं मटण धुऊन दिलं तरी कांदा त्यात उतरलेला असतो. शिजवलेलं हाड देत नाही. अंड्याचं टरफल वाळवून पीठ करून ठेवते, चहाच्या अर्ध्या चमच्यात साधारण ग्रॅमभर कॅल्शियम मिळतं. मांस-भातात तेच कमी पडतं, आणि नुसत्या मांसावर वाढवलेल्या पिल्लाची हाडं वाकतात.

पुसदचा_मास्तर
मला हा गणिताचा आग्रहच मान्य नाही. सूत्र सरासरीचं आहे. एकाच वेतातली दोन पिल्लं घ्या, एक दिवसभर अंगणात धावतं, दुसरं पायरीवर झोपतं. दोघांना सारखे ग्रॅम कसे द्यायचे? पाकिटावरचे तक्ते तर आणखी गोंधळाचे. काहींत आजचं वजन विचारतात, काहींत मोठेपणीचं. आपल्याकडे पॉमेरियन म्हणून विकली जाणारी बहुतेक पिल्लं स्पिट्झ असतात. खरा पॉमेरियन साडेतीन किलोच्या आत राहतो, स्पिट्झ पाच-सात किलोपर्यंत जातो. आईबाप पाहिलेले नसताना तक्त्यातला कोणता रकाना धरणार? आणि तालुक्याच्या दुकानात सुटं फूड किलोवर मिळतं, त्यावर तक्ताच नसतो.

हात लावून पाहा. तळहात पालथा करून त्यावरून बोट फिरवलं की हाडं जशी लागतात, तशा बरगड्या लागल्या पाहिजेत. शोधाव्या लागल्या तर खाणं कमी करा, टोचल्या तर वाढवा. वरून पाहताना कंबर दिसली पाहिजे. एवढं पुरेसं आहे.

वणीकर
मास्तर, तक्त्याबद्दल तुमचं बरोबर आहे, म्हणूनच मी आजच्या वजनावर अडून बसलो आहे. पण हात काय घडलं ते सांगतो. उद्या सकाळी वाटीत किती टाकायचं ते हात कसा सांगणार? सुरुवातीला आकडा पाहिजे. मग दर आठवड्याला किराणा दुकानाच्या काट्यावर पिल्लू ठेवा, बरगड्या पाहा, दहा टक्के इकडेतिकडे करा. स्पिट्झच्या केसांमुळे नुसत्या नजरेला तर काहीच कळत नाही. घरच्या वाटीत एकदा शंभर ग्रॅम मोजून खूण करून ठेवली की रोज तराजू काढायची गरज नाही.

काकू, घरचं अन्न चालतं, पण मोजायला ते जास्त अवघड. शिजलेल्या भातात शंभर ग्रॅमला १३० कॅलरी, चिकनमध्ये १६५ च्या आसपास, एका अंड्यात सत्तर. तुम्ही भात थोडा सैल केला की सगळं बदलतं.

आर्वीची_सून
तुम्ही सगळे घरी असल्यासारखं बोलून राहिले. कापूस वेचायला आम्ही सकाळी आठला निघतो, यायला दिवस बुडतो. पिल्लू अडीच महिन्यांचं, सव्वा किलोचं. मोजून सकाळी दिलं आणि संध्याकाळी दिलं तर मधे दहा तास काय? मी सकाळी वाटी भरून ठेवते. माझ्यासाठी आबांचंच बरोबर आहे.

ढोरांच्या_दवाखान्यातला
ताई, तुमचा प्रश्न या सगळ्यांपेक्षा महत्त्वाचा आहे. एवढ्या लहान जातीच्या पिल्लाच्या अंगात साखरेचा साठा फारच थोडा असतो. तीन-चार महिन्यांच्या आत लांब उपास पडला की रक्तातली साखर उतरते. पिल्लू गळून जातं, थरथरतं, झोकांड्या खातं, झटके येतात. असं दिसलं तर गुळाचं घट्ट पाणी बोटाने हिरड्यांना चोळायचं आणि लगेच डॉक्टरकडे न्यायचं. बेशुद्ध पिल्लाच्या घशात काही ओतू नका. तीन महिन्यांपर्यंत दिवसातून चारदा, सहा महिन्यांपर्यंत तीनदा, मग दोनदा, असं वाटून द्या. दिवसभर घरी कोणी नसेल तर मोजलेल्या कोरड्या फूडमधला दुपारचा वाटा सावलीत ठेवून जा. दूध-भात, चिकन मात्र ठेवू नका, आपल्या उन्हात ते दुपारपर्यंत आंबतं.

दुसरं, खाणं वाढवायच्या आधी जंत पाहा. पोट फुगलेलं आणि पाठ हाडकलेली, असं पिल्लू बहुधा जंतांचं असतं. दोन आठवड्यांच्या वयापासून दर पंधरवड्याला, तीन महिन्यांनंतर सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला औषध द्यावं. आणि गाई-म्हशींची कॅल्शियमची बाटली पिल्लाला पाजू नका.

आबा_मूर्तिजापूर
जंताचं पटलं. पन वाटी चाटूनपुसून साफ करते अन् मंग तोंडाकडे पायते, तवा काय करावं? नाई म्हनाले मन होत नाई.

वणीकर
आबा, मलाही होत नाही. पण पिल्लू बघत राहतं म्हणजे ते उपाशीच आहे असं नसतं, बरेच कुत्रे पोट भरल्यावरही मागतात. या लहान जातींचे गुडघे मुळात कच्चे, गुडघ्याची वाटी सरकायची खोड असते. श्वासनलिकाही नाजूक. त्यावर चरबी चढली की आयुष्यभर खोकणारं, लंगडणारं कुत्रं होतं. मागितलं तर त्याच दिवसाच्या मापातले चार दाणे बाजूला ठेवून द्या, वरचे नको. आठवड्याच्या काट्यावर वजन खरंच अडलेलं दिसलं तर मी तुमचंच ऐकेन, वाढवेन.

पुसदचा_मास्तर
काटा अडलेला दिसेपर्यंत थांबू नका, हात रोज लावा. माझं मत तेच आहे.

आर्वीची_सून
दुपारचा वाटा आजपासून कोरडाच ठेवते. जाऊबाईंचा मुलगा शाळेतून साडेबाराला येतो, त्याला वाटी दाखवून ठेवली आहे. सव्वा किलोचा हिशोब करून पाहिला, अडीचशेच्या जवळ आला. वणीकर, बरोबर आहे का ते सांगा.

वणीकर
बरोबर आहे. कोरडं फूड असेल तर ६५ ते ७० ग्रॅम, त्याचे चार वाटे करा. रात्रीचा शेवटचा वाटा झोपायच्या अगदी आधी द्या, म्हणजे पहाटेपर्यंतचा उपास कमी होतो.