महागडी स्पीकर केबल लावल्यावर जाणवणारा फरक खरा की मनाचा?

प्रश्न : जुळे_सोलापूरकर

नमस्कार. मी अनेक वर्षे घरी बसून हिंदुस्थानी शास्त्रीय संगीत ऐकत आलो आहे. खोली 12 बाय 10 फुटांची, खाली शहाबादी फरशी. स्पीकर 8 ओहमचे आणि अँप्लिफायरपासून 4 मीटरवर. आतापर्यंत जोडणीसाठी गणपतीच्या दिव्यांच्या माळेला असते तसली बारीक वायर होती. पुण्याच्या एका विक्रेत्याने 18,000 रुपयांची केबल काही दिवस वापरून पाहायला दिली आहे. ती लावल्यापासून तानपुऱ्याची जवारी (तारेचा गुंजारव) मोकळी झाल्यासारखी वाटते आणि डग्ग्याचा घुमार, जो आधी लगेच दबून जाई, तो आता थोडा रेंगाळतो. अभियांत्रिकी शिकणारा माझा मुलगा म्हणतो, "बाबा, तुम्हाला केबल नाही, किंमत ऐकू येते आहे." मोजमापात न दिसणारी गोष्ट कानाला जाणवूच शकत नाही, असे खरोखर ठामपणे म्हणता येते का? केबल परत करण्याची मुदत जवळ आली आहे, म्हणून जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : होटगी_रोड

किमतीची चर्चा करण्याआधी जुन्या वायरकडे पाहा. माळेची वायर फार तर 0.5 चौरस मिलिमीटरची असेल. 4 मीटरचे अंतर म्हणजे जाऊन-येऊन 8 मीटर तांबे, आणि त्याचा रोध, म्हणजे विजेच्या प्रवाहाला होणारा अडथळा, जवळपास 0.3 ओहम भरतो. शिवाय 8 ओहमचा स्पीकर प्रत्येक वारंवारतेला 8 ओहमच राहतो असे नाही. कुठे तो 4 पर्यंत उतरतो, कुठे 20 च्या वर जातो. 4 ओहमपाशी तुमच्या जुन्या वायरीत सुमारे 0.6 डेसिबल (आवाजाच्या पातळीचे माप) हरवतात, 20 ओहमपाशी जेमतेम 0.1. म्हणजे ती वायर आवाजाचा तोल किंचित का होईना बदलत होती, आणि हा बदल लक्षपूर्वक ऐकणाऱ्याच्या कानाच्या आवाक्याबाहेरचा नाही. तेव्हा चिरंजीवांनी इतक्यात विजय साजरा करू नये.

मात्र 2.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची तार घेतली की हाच रोध 0.06 ओहमवर येतो, आणि ती सोलापूरच्या नवी पेठेतल्या इलेक्ट्रिकच्या दुकानात मीटरवर मिळते. खरी तुलना त्या तारेशी व्हायला हवी. विक्रेता ती सुचवणार नाही, हे उघड आहे. आणखी एक : रोध कमी झाला की अँप्लिफायरची स्पीकरच्या पडद्यावरची पकड वाढते, त्यामुळे घुमारात फरक पडलाच तर तो आटोपशीर व्हायला हवा. तुमचा तर रेंगाळतो आहे. त्याचे कारण केबलमध्ये सापडेल असे मला वाटत नाही.

उत्तर : षड्जपंचम

मी गाणे शिकवतो, त्यामुळे दुसरी बाजू मांडणे भाग आहे. तानपुऱ्याच्या तारेखालचा जवारीचा दोरा केसभर सरकवला की तार बोलू लागते. हे तालीम झालेल्या कानाला तत्क्षणी कळते आणि नवशिक्याला आठवडाभर ऐकवूनही कळत नाही. अशा दहा नवशिक्यांची परीक्षा घेऊन "फरक अस्तित्वातच नाही" असा निष्कर्ष काढला, तर तो चुकीचाच ठरेल. ध्वनिसंशोधक जोशुआ राइस यांनी 2016 मध्ये, सीडीपेक्षा वरच्या दर्जाचे ध्वनिमुद्रण ओळखता येते का यावरचे 18 प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा सरसकट श्रोत्यांची उत्तरे 52.3 टक्के बरोबर आली, म्हणजे नाणेफेकीपेक्षा किंचितच अधिक. पण आधी सराव दिलेल्या श्रोत्यांचे प्रमाण त्याहून स्पष्टपणे वरचे होते. शंका जरूर घ्यावी, पण ती शंका घेणाऱ्यालाही लागू असावी.

उत्तर : ध्वनिवेध

षड्जपंचम यांच्याशी सहमत आहे, पण तालीम झालेला कानही डोळ्यांच्या प्रभावातून सुटत नाही. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनिसंशोधकांनी 1994 मध्ये तेच स्पीकर त्याच श्रोत्यांना एकदा दाखवून आणि एकदा पडद्याआड ठेवून ऐकवले. समोर दिसत असताना मोठ्या, भारदस्त स्पीकरांना झुकते माप मिळाले. पडद्याआड ते अंतर बरेच कमी झाले. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट : स्पीकरची जागा बदलल्यामुळे आवाजात जो खराखुरा फरक पडत होता, तो डोळ्यांनी पाहणाऱ्या श्रोत्यांना कमी जाणवला. पडद्याआडची चाचणी म्हणजे कानाचा अपमान, असे मानणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

घुमाराबद्दल सांगायचे, तर संशयित तुमची खोली आहे. 12 फुटांच्या लांबीत 47 आणि 94 हर्ट्झच्या आसपास समोरासमोरच्या भिंतींमध्ये ध्वनी साठून राहतो, आणि डग्ग्याचा खालचा नाद त्याच पट्ट्याच्या शेजारी असतो. केबल जोडताना स्पीकर वीतभर सरकला असेल, किंवा आपण खुर्ची मागे घेतली असेल, तरी घुमार बदलेल. यावर भिंतीला जाड चादर टांगा, असा सल्ला आपल्या सोलापुरात कोणीही देईल. फरशीमुळे येणारा वरच्या स्वरांचा खणखणाट त्याने थोडा कमी होतो, खर्जाला मात्र त्या कापडाचा काहीही अडसर होत नाही.

प्रतिसाद : जुळे_सोलापूरकर

सर्वांचे आभार. 2.5 ची तार आणतो. सौभाग्यवती केबल बदलायला तयार आहेत, परंतु एकेका बदलाला दोन-तीन मिनिटे जातात आणि तेवढ्यात आधीचा आवाज नेमका कसा होता हे आठवेनासे होते. यावर काही उपाय आहे का?

उत्तर : होटगी_रोड

आहे. मोनो, म्हणजे दोन्ही स्पीकरांतून एकच आवाज देणारे, ध्वनिमुद्रण लावा आणि एका स्पीकरला तार, दुसऱ्याला ती केबल जोडा. मग बॅलन्सचे बटण डावी-उजवीकडे फिरवले की तुलना क्षणात होते. दोन्ही बाजूंचा आवाज आधी तंतोतंत सारखा करून घ्या, कारण किंचित मोठा आवाज प्रत्येकाला "अधिक खुला" वाटतो. सगळ्या दुकानांत याच गोष्टीवर माल खपतो. कोणती केबल कोणत्या बाजूला, हे वहिनींनी प्रत्येक वेळी नाणे उडवून ठरवावे, वहीत लिहावे आणि आपण उत्तर देईपर्यंत खोलीबाहेर थांबावे. त्यांच्या चेहऱ्यावरूनही उत्तर कळू शकते. फरक बाजू न सोडता तिथेच राहिला तर तो खोलीचा किंवा स्पीकरचा, केबलबरोबर पलीकडे गेला तर केबलचा. 16 पैकी 12 किंवा अधिक उत्तरे बरोबर आली, तर निव्वळ नशिबाने तसे घडण्याची शक्यता शंभरात चारपेक्षा कमी असते. सोळाही वेळा एकाच बैठकीत बसू नका, कान थकतात; आणि दुपारी पंखा पूर्ण वेगाने चालू असताना तर नकोच. केबल बदलण्यापूर्वी अँप्लिफायर प्रत्येक वेळी बंद करा, कारण तो चालू असताना दोन तारांची उघडी टोके एकमेकींना टेकली, तर आतले ट्रान्झिस्टर जळू शकतात.