शब्दचर्चा : संगणकवेड्यांची ‘चुरस’, ‘हाडवैर’ की ‘भाऊबंदकी’?

ओळंबा
एका दिवाळी अंकासाठी मी १९८० च्या दशकातील घरगुती संगणकांवरील एका इंग्रजी लेखाचा अनुवाद करीत आहे. ब्रिटनमधील शाळकरी मुले त्या काळी ‘सिंक्लेअर स्पेक्ट्रम’वाले आणि ‘कमोडोर ६४’वाले अशा दोन तटांत विभागलेली होती, मधल्या सुट्टीत एकमेकांच्या यंत्रांची यथेच्छ निंदा करीत होती, आणि पन्नाशी उलटल्यावर आजही तीच भांडणे त्याच त्वेषाने करीत आहेत, असा लेखाचा विषय आहे. या नात्यासाठी मूळ लेखात ‘रायव्हलरी’ हा एकच शब्द पुनःपुन्हा येतो. मी पहिल्या खर्ड्यात ‘भाऊबंदकी’ लिहिले होते. मुद्रितशोधकांनी त्यावर लाल रेघ मारून समासात टिपले, ‘भाऊबंदकीला आधी भाऊ लागतात’, आणि ‘चुरस’ सुचवला.

चुरस मला निवडणुकीची किंवा कबड्डीच्या सामन्याची वाटते. निकाल लागला की ती संपते. येथे तर निकाल लागून जमाना झाला. सिंक्लेअरने १९८६ मध्ये आपला संगणकांचा व्यवसाय ५० लाख पौंडांना ॲमस्ट्रॅडला विकला, १९९४ मध्ये कमोडोरचे दिवाळे वाजले, आणि भांडण मात्र चालूच आहे. अशा भांडणाला मराठीत काय म्हणावे?

खडूस मास्तर
मुद्रितशोधकांचे बरोबर आहे, त्यांना माझा नमस्कार कळवा. भाऊबंदकी होण्यासाठी एक वाडा, एक विहीर आणि वाटणीचा एक कागद असावा लागतो. स्पेक्ट्रमचा मेंदू झायलॉगच्या घराण्यातील झेड ८०, कमोडोरचा मेंदू ६५१०. एकासाठी लिहिलेला खेळ दुसऱ्यावर चालवायचा तर आतली आज्ञावली जवळजवळ नव्याने लिहावी लागे. एक कंपनी केंब्रिजची, दुसरी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाची. दोन वेगळ्या गावांच्या पाटलांनी एकाच जत्रेत मानासाठी भांडावे, तसा हा प्रकार आहे. त्यासाठी मराठीत ‘उभा दावा’ हा नेमका शब्दप्रयोग आहे. आजकाल अनुवादक मंडळींना घरचा शब्द म्हटला की भाऊबंदकीच आठवते.

रबरी कळ
मास्तर, आपण भाऊ नाहीत म्हणता, पण आमच्याकडे ते होते. आमचे वडील सोलापूरहून लेस्टरला नोकरीसाठी आले आणि त्यांच्यामागोमाग धाकटे काकाही आले. १९८३ साली माझ्यासाठी ४८ के स्मृतीचा स्पेक्ट्रम आला. तो आदल्या वर्षी १७५ पौंडांना बाजारात उतरला होता, तर कमोडोर त्याच्या दुपटीहून महाग होता. काकांना बढती मिळाल्यावर त्यांनी चुलतभावासाठी कमोडोर आणला, आणि त्या दिवसापासून दोन्ही घरांतील गणपतीच्या आरतीलाही आम्ही एकमेकांकडे पाठ करून उभे राहू लागलो.

त्याचे म्हणणे असे की माझ्या यंत्राला गळाच नाही. ते खरेही होते, कारण स्पेक्ट्रमचा मूळ आवाज म्हणजे नुसता चिरका बीपर, आणि कमोडोरमध्ये बॉब यानेस यांनी रचलेली, तीन स्वतंत्र सूर काढणारी सिड नावाची चिप. माझे उत्तर असे की त्याच्या खेळांतील माणसे विटांची बनवलेली दिसतात. तेही खरे होते, कारण कमोडोरला एका चौकटीत चार रंग हवे असतील, तर आडवे ठिपके दुप्पट रुंद करावे लागत आणि पडद्याची रुंदी १६० ठिपक्यांवर येई. मग तो शेवटचा बाण काढी, की तुझ्या खेळातला हिरो झाडाजवळून गेला की हिरवा होतो. त्यावर माझ्याकडे उत्तर नसे. आमच्या घरी या सगळ्याला आई ‘भाऊबंदकी’च म्हणायची, आणि ती शब्दशः खरी होती.

ठिपकेरांगोळी
हिरवा होणाऱ्या हिरोसाठी मराठी शब्द काय वापरणार, हे आधी ठरवावे असे मला वाटते, कारण लेखातील निम्मे टोमणे त्यावरच असणार. ज्यांना हा प्रकार ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. स्पेक्ट्रमचा पडदा २५६ गुणिले १९२ ठिपक्यांचा होता, परंतु रंग मात्र ठिपक्याला नव्हे, तर आठ गुणिले आठच्या चौकटीला दिलेला असे. अशा ३२ गुणिले २४, म्हणजे ७६८ चौकटी होत, आणि एका चौकटीत दोनच रंग मावत. सिंक्लेअरच्या बेसिक भाषेत त्या दोन रंगांना चक्क ‘शाई’ आणि ‘कागद’ अशा अर्थाचीच नावे दिलेली होती. प्रत्येक ठिपक्याला स्वतंत्र रंग देण्याइतकी स्मृती परवडणारी नव्हती. या युक्तीने पूर्ण पडदा ६९१२ बाइटांत बसे. मात्र हलणारे चित्र एका चौकटीतून दुसरीत शिरले की मागच्या चित्राचा रंग त्याला चिकटे.

याला ‘वर्णसंकर’ म्हणावे, असे मी एकदा एका मित्राला सुचवले होते. वर्ण म्हणजे रंगच की.

निंबोणी
कृपया तो शब्द नको. ज्या शब्दाने शतकानुशतके माणसांना कमी लेखले, तो खेळण्यातील पडद्यासाठी गंमत म्हणून वापरताना आपल्याला गुदगुल्या होतात, कारण तो आपल्याला कधी बोचलेला नसतो. शिवाय येथे संकर होत नाहीच. दोन रंग मिसळून तिसरा तयार होत नाही. एकाचा रंग दुसऱ्याला लागतो. पांढऱ्या सदऱ्याबरोबर लाल साडी भिजत घातली की काय होते, हे प्रत्येक घरात ठाऊक आहे. ‘रंग लागणे’ असे सरळ लिहावे.

ठिपकेरांगोळी
आपला आक्षेप मान्य आहे आणि माझी सूचना मी मागे घेते. ‘रंग लागणे’ उत्तमच आहे, फक्त त्याचे नाम होत नाही. ‘रंगलागण’ म्हटले तर साथीचा रोग वाटतो.

जात्यावरची ओवी
या चर्चेत कोणाच्या लक्षात आलेले दिसत नाही, की आपल्याला हवे असलेले सर्व अर्थ वर एका सदस्याच्या नावातच बसले आहेत. स्पेक्ट्रमची ओळख म्हणजे त्याच्या रबरी कळा. कळफलकातील कळ, पोटात येणारी कळ, आणि भांडणाची कळ काढतो ती कळ. यंत्र, वेदना आणि भांडण या तिन्हींना एकच शब्द असताना आपण ‘रायव्हलरी’साठी वणवण का करीत आहोत? ‘कळीचे दिवस’ असे लेखाचे शीर्षक द्यावे. माझ्या मते या तिन्हींचे मूळ ‘कल्’ या एकाच धातूत असणार.

खडूस मास्तर
असणार, असणार. आपल्याकडे उच्चार जुळला की मूळ एक ठरते. यंत्राची कळ ‘कला’ या शब्दाच्या कुळातील आणि भांडणाची कळ ‘कलहा’च्या कुळातील, असे मी मानतो. पोटातल्या कळेला तिचे स्वतःचे कूळ असू द्या. श्लेष म्हणून शीर्षक झकास आहे, हे मात्र नाइलाजाने मान्य करतो.

सांजपाखरू
मूळ प्रश्नाकडे वळतो. मास्तरांचा वाड्याचा आणि विहिरीचा निकष मला मान्य आहे, आणि त्याच निकषावर भाऊबंदकी हाच शब्द ठरतो, असे माझे म्हणणे आहे. फक्त अनुवादकाने तो चुकीच्या जोडीला लावला आहे.

ख्रिस करी हा क्लाइव्ह सिंक्लेअरच्या हाताखाली अनेक वर्षे वाढलेला माणूस. तो बाहेर पडला आणि १९७८ मध्ये त्याने हर्मन हाउझरबरोबर त्याच केंब्रिजमध्ये एकॉर्न या संगणक कंपनीचे बिऱ्हाड थाटले. बीबीसीने शिक्षणासाठी स्वतःच्या नावाचा संगणक काढायचे ठरवले, तेव्हा ते काम सिंक्लेअरला न मिळता एकॉर्नला मिळाले. पुढे १९८४ च्या डिसेंबरात सिंक्लेअरच्या मालाची खोड काढणारी एक जाहिरात एकॉर्नने दिली, आणि केंब्रिजमधील ‘बॅरन ऑफ बीफ’ या पबमध्ये ‘सर’ ही पदवी मिळालेल्या सिंक्लेअरसाहेबांनी वर्तमानपत्राची सुरळी करून करीला बदडले. एक गाव, एक गुरुघर, वाटणीतील एक मानाचे पान, आणि शेवटी हातघाई. याला चुरस म्हणणाऱ्याने कधी सामाईक बांधावरचे भांडण पाहिलेले नाही.

दुसरी जोडी याहून सरस आहे. कमोडोरचा संस्थापक जॅक ट्रॅमिएल जानेवारी १९८४ मध्ये स्वतःच उभ्या केलेल्या कंपनीतून बाहेर पडला आणि त्याच वर्षीच्या जुलैत त्याने वॉर्नरकडून अटारीचा घरगुती संगणकांचा व्यवसाय घेतला. दुसरीकडे, पूर्वी अटारीसाठी चिपा रचणारा जे माइनर अमिगा नावाचा संगणक बनवीत होता, त्या अमिगा कंपनीने अटारीकडून पाच लाख डॉलर उचललेले होते, आणि ती कंपनी विकत घेतली कमोडोरने. परिणामी १९८५ मध्ये कमोडोरच्या बापाने अटारी एसटी विकायला काढला आणि अटारीच्या लेकाने घडवलेला अमिगा कमोडोरच्या नावाने आला. दोघांच्या पोटात मेंदू मोटोरोलाचा तोच ६८०००. मधल्या काळात कोर्टकज्जे झाले, हे सांगायलाच नको. राघोबादादांच्या काळानंतर इतकी शुद्ध भाऊबंदकी क्वचितच झाली असेल.

खडूस मास्तर
मालकांची भाऊबंदकी सिद्ध झाली, हे कबूल. लेख चाहत्यांविषयी आहे, आणि मालकांचे भांडण आपले मानणाऱ्या मंडळींसाठी मराठीत वेगळे शब्द आहेत. ते येथे लिहिणे सभ्यपणाचे होणार नाही.

पेठेतला पाहुणा
इंग्लंडातील मुलांचा मला हेवा वाटतो. भांडायला निदान प्रत्येकाच्या घरी एकेक यंत्र तरी होते. १९८४ मध्ये केंद्र सरकारने शाळांतून संगणक साक्षरतेचा ‘क्लास’ नावाचा प्रकल्प सुरू केला, त्यात आमच्या शाळेला तेच एकॉर्नचे बीबीसी मायक्रो मिळाले. खोलीबाहेर चपला काढायच्या, एकेका यंत्राभोवती पाच-सहा मुलांनी बसायचे, आणि आपली पाळी आली की तास संपायचा. आमची भांडणे खुर्चीवरून होत, कंपनीवरून नव्हेत.

घराघरांतील भांडणे आमच्याकडे पुढल्या दशकात आली, ती टीव्हीला जोडायच्या व्हिडिओ गेममुळे, आणि तीसुद्धा कोणाच्या ‘कॅसेट’मध्ये जास्त गेम आहेत यावरून. वेष्टनावर ९९९९ लिहिलेले असायचे आणि आत तेच दहा-बारा गेम फिरून फिरून यायचे. अनुवादकाने येथे सावध राहावे. स्पेक्ट्रमची कॅसेट म्हणजे गाण्यांची असते तशी फितीची कॅसेट, आणि आपल्या पिढीची कॅसेट म्हणजे फुंकर मारून खोचायचा प्लॅस्टिकचा ठोकळा. नुसते ‘कॅसेट’ लिहिले तर चाळिशीतला वाचक हमखास ठोकळा समजेल.

निंबोणी
अनुवादाच्या मथळ्यात ‘स्मरणरंजन’ हा शब्द येणार असेल, तर त्याबद्दलही तक्रार नोंदवते. ‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द १६८८ मध्ये योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने घडवला, तो घरापासून दूर असलेल्या स्विस लोकांच्या आजारासाठी. ग्रीकमधील घरी परतणे आणि वेदना या दोन शब्दांची ती जोड आहे. मराठीत आणताना आपण वेदना काढून टाकली आणि रंजन घातले. ‘गतकातरता’ अधिक प्रामाणिक आहे.

रबरी कळ
प्रामाणिक असेल, पण उच्चारताना जीभ अडखळते. वेदना मात्र होती, याला मी साक्षी आहे. फितीवरचा खेळ यंत्रात भरण्यासाठी टेपरेकॉर्डर लावायचा, पडद्याच्या कडेच्या पट्ट्या नाचताना पाहत चार-पाच मिनिटे तो किंचाळणारा आवाज ऐकायचा, श्वास रोखून बसायचे, आणि शेवटच्या क्षणी पडद्यावर ‘टेप लोडिंग एरर’ उमटायचे. आज तो आवाज ऐकला की मला आनंद होतो, तेव्हा रडू यायचे. मग याला रंजन म्हणायचे की कातरता? चुलतभावाची अवस्था याहून वाईट होती, कारण कमोडोरची टेप मूळ वेगाने त्याहूनही कितीतरी संथ चाले. ते तो आजही कबूल करीत नाही. आता एकच कंपनी कमोडोरची आणि स्पेक्ट्रमची नवी प्रतिरूपे विकते. त्याने दोन्ही घेतली आहेत, आणि स्पेक्ट्रमचे खोके अजून उघडलेले नाही, असे मला मुद्दाम फोन करून सांगितले.

निंबोणी
रंज् धातूचा मूळ अर्थ रंगणे, रंग चढणे असा आहे. त्या अर्थाने, आठवणीला शेजारच्या चौकटीचा रंग लागतो म्हणून ‘स्मरणरंजन’ चालवून घ्यायला मी तयार आहे. फक्त त्या अर्थाने.

ओळंबा
सर्वांचे आभार. मजकूर उद्या द्यायचा असल्याने तूर्त शाळेतील मुलांसाठी ‘उभा दावा’ केले आहे आणि ‘भाऊबंदकी’ अमिगा व अटारीच्या परिच्छेदासाठी राखून ठेवली आहे. कॅसेटला ‘फितीची कॅसेट’ केले. रंगाच्या नामाचे अडलेलेच आहे.

सांजपाखरू
त्या परिच्छेदात अटारीचे नाव आधी यावे. एसटी अमिगाच्या आधी बाजारात आला होता, आणि मिडीची, म्हणजे इलेक्ट्रॉनिक वाद्ये संगणकाला जोडण्याची, सोय त्याला जन्मजात होती.