चिनी अक्षरातल्या रेघा कुठल्या क्रमाने काढायच्या? डोकं आउट झालंय

लूमवाला_सोलापूर:
नमस्कार मंडळी. अक्कलकोट रोड एमआयडीसीला आमचं टॉवेलचं युनिट आहे, नवीन जकार्डच्या (नक्षी विणणारा माग) पॅनलवर सगळं चिनीत, एरर आला की मेकॅनिकला फोटो पाठवा अन् वाट बघत बसा, म्हणून म्हटलं आपणच शिकू. दोन महिने रोज रात्री तासभर शिकायलोय. शंभरेक अक्षरं ओळखू येतात पण लिहिण्यात घोळ. अक्षर दिसायला बरोबर येतं ओ, पण फोनवर बोटाने लिहून शोधायला गेलो की भलतंच दाखवतंय. त्यात 'शेत' हे अक्षर, म्हणजे चौकोन अन् आत अधिकचं चिन्ह, एका व्हिडिओत आत आधी आडवी रेघ, दुसऱ्यात आधी उभी. खरं कुणाचं? आणि शेवटी दिसायला सारखंच तर क्रमाने फरक काय पडतो?

चहा_विदाउट_शुगर:
दोन्ही खरं, उभी आधी काढणारा व्हिडिओ जपानी असणार. तीच अक्षरं, पण काहींचा क्रम वेगळा. 'राजा' बघा, तीन आडव्या अन् एक उभी. चीनमध्ये दोन आडव्या, मग उभी, मग खालची आडवी. जपानात एक आडवी, लगेच उभी, मग बाकीच्या दोन. चीनमध्ये हा क्रम सरकारने ठरवून दिलेला असतो, 2013 च्या सरकारी यादीतल्या 8105 अक्षरांसाठी. तुम्ही चीनचंच धरा, मिक्स करू नका.
फोनचं म्हणाल तर एक विचारतो, 'तोंड' म्हणजे नुसता चौकोन, तो किती रेघांत काढता? चार असेल तर तिथंच चुकतंय. तीनच असतात. डावी उभी, मग वरची आडवी तशीच वळवून उजवीकडून खाली, मग तळाची. बरीच ॲप रेघांची संख्या अन् क्रम बघूनच ओळखतात. 'देश'ला बाहेरची चौकट असते, तिच्या तीन बाजू आधी, मग आतलं सगळं, तळाची रेघ सगळ्यात शेवटी. माल आत ठेवल्यावर शटर ओढतो ना तसं. बाकी वरून खाली, डावीकडून उजवीकडे, आडवी उभीला छेदत असेल तर आडवी आधी. एवढ्यावर बहुतेक अक्षरं निघतात, अपवाद आहेतच, 'लहान'मध्ये मधली उभी आधी अन् बाजूच्या दोन नंतर.

पेठेतला_पाहुणा:
मला तर वाटतं पॅनल वाचायचंय तर लिहायचं कशाला, रोमन स्पेलिंग टाइप केलं की अक्षर येतंय. उगाच वह्या भरायच्या.

जुनं_दप्तर:
पाहुणे, उच्चार माहीत असेल तर टाइप कराल ना, पॅनलवरचं अनोळखी अक्षर कसं टाइप करणार? मग बोटानेच काढावं लागतंय.
मी आजोबांचे कागद वाचायला मोडी शिकलो. मोडीत ओळभर रेघ आधी मारून घेतात अन् मग खाली हात न उचलता लिहीत जातात, आपल्या बाळबोधीत बरेच जण शब्द झाला की वरून रेघ मारतात. चिनी घाईच्या अक्षराचं पण मोडीसारखंच, रेघा एकमेकीत अडकत जातात अन् कुठली कुठलीला अडकणार ते क्रमावर ठरतं. उलट्या क्रमाची सवय लागली तर उद्या तिकडून पेनाने लिहिलेली चिठ्ठी आली तर डोकं धरून बसाल. (आपल्या गावचे डॉ. कोटणीस 1938 ला तिकडं गेले, तिथली भाषा शिकले, आपल्याला पॅनल वाचायला काय झालं.)

कन्ना_चौक_कट्टा:
आमच्या घरी तेलुगू, शाळा मराठी, म्हणून हाताला दोन वळणं आधीच होती. नियम पाठ करू नका, तुकडे पाठ करा. पाणी, माणूस, तोंड, झाड एकदा हातात बसले की मोठ्या अक्षरात तेच तेच येतात. गणिताची चौकटीची वही घ्या, चार घरांत मिळून एक अक्षर, मधल्या रेघांचा अंदाज राहतो.

लूमवाला_सोलापूर:
चहा, बरोबर पकडलंत, मी 'तोंड' चार रेघांतच काढायलो होतो. काल तीनमध्ये काढलं तर फोनने पहिलंच दाखवलं. 'देश'चं मात्र हात ऐकत नाही, माल आत टाकायच्या आधीच शटर पडतंय.