ईस्टर सोमवारी डोंगरावर जायचंय, गुडघा साथ देईल का?

मुलुंडची आजी
पाडवा १९ मार्चला इथेच करून आम्ही दोघं मुलाकडे, जर्मनीत एरलांगनला निघतोय. ५ एप्रिलला ईस्टर. त्यांच्या शेजारचं कुटुंब दरवर्षी ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, लहानथोर सगळे मिळून रानात चालायला जातं. यंदा वालबेर्ला नावाच्या डोंगरावर जाणार आहेत आणि आम्हालाही बोलावलंय. सहा वर्षांच्या नातीने फोनवर बजावलं, "आजी, तू खाली बसायचं नाही हं." मलाही जायचंच आहे. पण वय ६८, उजवा गुडघा उतरताना दुखतो. चढ किती आहे? थंडी? शिवाय आम्ही अंडंही खात नाही आणि सण अंड्यांचा. शेजारीणबाईंचं मन मोडायचं नाही. त्यांना इथून काय नेऊ?

बोरिवलीकर
काकू, नक्की जा. मी नऊ वर्षं एरलांगनला होतो, तो डोंगर पाठ आहे. फॉर्खहाइमला गाडी बदलायची आणि किर्शएरेनबाखला उतरायचं. स्टेशनातून डोंगर समोरच दिसतो. माथ्यापर्यंत साधारण सव्वादोनशे मीटर चढ. वर सपाट गवताळ पठार, त्यावर संत वालबुर्गाचं छोटं चॅपल. चढ तुम्ही बसत बसत कराल, काळजी उताराची आहे. काठ्या दोन घ्या, एक नको. आधी काठ्या खाली टेकायच्या, मग पाऊल. बूट आत्ताच घ्या आणि रोज घालून चाला. तिथे नेऊन नवे बूट घातलेत तर पहिल्याच तासाला फोड येतील. सकाळी तीन-चार अंश, दुपारी ऊन पडलं तर बारा-तेरा. वर वारा असतो, कान झाका.

अंड्यांचं मनावर घेऊ नका. रंगवलेली अंडी बहुतेक नुसती टरफलं असतात, टोकांना भोक पाडून आतलं फुंकून काढलेलं. त्या भागात विहिरी आणि कारंजी हिरव्या फांद्यांनी आणि अशा टरफलांनी सजवतात. सगळा चुनखडीचा प्रदेश, पडलेला पाऊस खडकात झिरपून जातो. वरच्या गावांना पाण्याचे फार हाल असायचे, म्हणून पाण्याचा एवढा मान. बीबरबाख गावच्या विहिरीवर ११ हजारांवर अंडी लावली होती, २००१ साली गिनीजमध्ये नोंद झाली. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा गावाकडची विहीरपूजा आठवून तिथेच थबकलो होतो. शक्य झालं तर एक तरी विहीर बघाच.

जेवण बरोबर न्या. गुड फ्रायडे, रविवार, सोमवार दुकानं बंद, शनिवारी गर्दी. खानावळी उघड्या असतात, पण बटाट्याच्या गोळ्यांवरचा रस्सा मांसाचा असतो, विचारून घ्या.

ठाण्याची मावशी
गोचीड! बायर्नच्या, म्हणजे एरलांगन ज्या राज्यात आहे तिथल्या, गवतात वसंतापासून गोचिडी असतात आणि त्यांच्यापासून मेंदूज्वर होऊ शकतो. त्याची लस असते, डॉक्टरांशी आत्ताच बोला, एका डोसात काम होत नाही. पँट मोज्यात खोचा. घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत आणि नातीच्या केसांच्या कडेला नीट बघा.

वसईकर
आजी, आमच्या वसईच्या चर्चमध्ये ईस्टरनंतर शिष्यांची गोष्ट वाचतात. दोघे शिष्य एम्माऊस गावाकडे चालत निघालेले, वाटेत येशू त्यांच्यासोबत चालू लागतो आणि ते त्याला ओळखत नाहीत. एरलांगनच्या भागात ईस्टर सोमवारी चालायला जाण्याला त्याच गावाचं नाव आहे. शेजारीणबाईंना ही गोष्ट विचारा, त्या आनंदाने सांगतील.
भेट म्हणून पेढे, तूप नेऊ नका, बाहेरून दुधाचे पदार्थ तिथे चालत नाहीत. पाडव्याच्या साखरेच्या गाठी न्या. मुलं गवतात लपवलेली अंडी शोधतात, त्यांच्या टोपलीत एकेक गाठ टाका.

मुलुंडची आजी
गाठी! दादरला पाडव्याआधी घेऊन ठेवते, रंगीत मिळाल्या तर रंगीत. लसीसाठी उद्याच विचारते. ह्यांनी काठ्या मागवल्या आहेत, दोन. उद्यापासून सकाळी येऊरच्या चढावर. दशम्या तिथेच सूनबाईबरोबर करीन.
बोरिवलीकर, एक राहिलं. उतरताना वाटेत बसायला बाकं आहेत का हो?

बोरिवलीकर
आहेत काकू. आणि खाली चेरीची झाडं एप्रिलमध्ये फुलतात, कदाचित तेव्हा फुलू लागली असतील, तर उतरायची घाई करू नका.